परक्या देवाचें अंगण

देव बदलतात, भक्त बदलतात, राज्यें तर बदलतातच. पण देवाभोंवतालची मोकळी जागा मात्र जेथल्या तेथें राहते. देऊळ पडलें तरी त्याचें पटांगण पडत नाहीं, आणि चर्च ओसाड झालें तरी त्याच्या आवारांतील थडग्यांखालची माती कोठें जात नाहीं. मग त्या जागेचें करावयाचें काय, हा प्रश्न मागून येणाऱ्या पिढीपुढें उभा राहतो. कायद्याचा माणूस त्याचें उत्तर एका वाक्यांत देईल: ज्याच्या नांवावर उतारा, त्याची जागा. इतिहास शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्या आमच्यासारख्यांचें समाधान एवढ्यानें होत नाहीं. जुन्या चर्चच्या आवारांत बाग करावी, मुलांना खेळावयास अंगण द्यावें, गांवाला सभेसाठीं ओटा बांधून द्यावा, अशा सूचना आज जगांत ठिकठिकाणीं होत असतात, आणि त्यांवर दोन्ही बाजूंनीं हिरिरीनें बोललें जातें. या वादांत आमच्या कोंकणच्या इतिहासाला कांहीं सांगावयाचें आहे. तें सांगण्यास आरंभ मात्र चर्चपासून न करतां एका गणपतीच्या देवळापासून करणें सोयीचें होईल.

रायगड जिल्ह्यांतील पाली हें अष्टविनायकांपैकीं बल्लाळेश्वराचें स्थान. एका अंगाला सरसगडाचा उभा कडा, दुसऱ्या अंगाला अंबा नदीचें पात्र, आणि मध्यें हें पूर्वाभिमुख दगडी देऊळ. पूर्वीच्या लांकडी देवळाच्या जागीं अठराव्या शतकांत हें उभें राहिलें, आणि त्याचे चिरे शिसें ओतून सांधले आहेत असें जुने लोक मोठ्या अभिमानानें सांगतात. पाली स्वातंत्र्यापूर्वीं भोर संस्थानांत होती. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें तेव्हां सुधागड तालुका कुलाबा जिल्ह्यांत आला, आणि १९८१ सालीं त्या जिल्ह्याचेंच नांव रायगड झालें. या देवळांत एक मोठी घंटा आहे. ती घडणीनें युरोपीय आहे. वसई व साष्टी येथें पोर्तुगीजांचा पाडाव केल्यावर चिमाजीअप्पांनीं जी लूट आणली तींतील ही घंटा देवास अर्पण झाली, अशी परंपरा आहे. अशी घंटा एकट्या पालीसच आहे असें नव्हे. भीमाशंकरास आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेचें चित्र व १७०७ हा सनाचा आंकडा आहे, नाशकास नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ सालचा आंकडा आहे. ज्या घंटांनीं एके काळीं ख्रिस्ती गांवाला प्रार्थनेस बोलाविलें, त्या आज शिवाच्या आणि गणपतीच्या दारीं वाजत आहेत.

घंटेचें हें स्थलांतर आपण सहसा विजयाची खूण म्हणून सांगतों आणि तेथेंच थांबतों. पण चर्चच्या जीवनांत घंटेचें काम काय असतें याचा विचार केला, म्हणजे गोष्ट निराळी दिसूं लागते. आपल्या देवळांत प्रत्येक भक्त स्वतःच्या हातानें घंटा वाजवितो. तो आपण आल्याची वर्दी देवाला देतो. चर्चची घंटा मनोऱ्यांत उंच टांगलेली असते, ती दोर ओढून वाजवावयाची, आणि ती देवाला नव्हे तर गांवाला ऐकावयाची असते. सकाळ, दुपार, संध्याकाळ ती सांगते, लग्न सांगते, आणि गांवांतील कोणी गेलें तर मंद टोल्यांनीं तेंही सांगते. म्हणजे घंटा हा त्या आवाराचा कंठ आहे. घंटा उतरविली त्या दिवशीं मनोऱ्याखालचें अंगण मुकें झालें. पालीस आवाज आला तो कोठून तरी गेला होता, हें जमाखर्चाच्या दोन्ही बाजू पाहणाऱ्यानें विसरूं नये.

उलट बाजूचा खर्चही तितकाच स्पष्ट मांडला पाहिजे. गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ सालीं वसई आणि तिच्याभोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांच्या हातीं आला, आणि त्यानंतरच्या काळांत त्या मुलुखांतील देवळांची काय अवस्था झाली हें सर्वश्रुत आहे. बोरिवलीजवळचें मंडपेश्वर हें त्याचें उत्तम उदाहरण. शिवाचें हें लेणें फ्रान्सिस्कन साधूंनीं सोळाव्या शतकांत आपल्या ताब्यांत घेतलें, तेथें उपासना चालू केली, आणि वर टेकडीवर मठ व चर्च बांधलें. मराठ्यांनीं १७३७ सालीं ठाणें घेतलें व साष्टी जिंकली, दोन वर्षांनीं १७३९ च्या मे महिन्यांत वसईचा किल्ला शरण आला, आणि मंडपेश्वरीं पुन्हां शिवाची पूजा सुरू झाली. आज तें लेणें पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं आहे. वर पडक्या मठाच्या भिंती आणि खालीं शिवाचीं झिजलेलीं शिल्पें, असे दोन संसार एकाच टेकडीवर नांदत आहेत. ही जागा इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. पण दोन्ही वेळां तिच्याभोंवतालच्या माणसांना कोणीं विचारलें नाहीं. तरवार ज्याच्या हातीं त्यानें ठरविलें.

वसईच्या घंटांविषयीं एक गोष्ट मात्र विजेत्यांच्या बाजूनें नमूद करण्यासारखी आहे. घंटेचा धातु आणि तोफेचा धातु हे सख्खे भाऊ. त्या काळीं तोफांसाठीं धातूची भूक किती होती हें इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. युरोपांत तर युद्धाच्या वेळीं घंटा वितळविण्याची रीतच होती. या घंटा वितळल्या नाहींत. त्या घंटाच राहिल्या, आणि देवाच्याच दारीं राहिल्या. मरियेचें चित्रही कोणीं घासून काढलें नाहीं. ज्याला आपण शत्रूचा देव म्हणतों त्याच्या वस्तूलाही कांहीं पावित्र्य आहे, ही जाणीव त्या कृतींत आहे. तथापि तेवढ्यावर समाधान मानूं नये. जिंकणाऱ्याला जी उदारता वाटते ती हरणाऱ्याला उदारता वाटत नाहीं; त्याला फक्त रिकामा मनोरा दिसतो.

तो रिकामा मनोरा पाहावयाचा तर पालीहून पश्चिमेस समुद्राकडे जावें. रायगडच्याच किनाऱ्यावर रेवदंडा आहे. हें पोर्तुगीजांचें चौल. सोळाव्या शतकाच्या आरंभीं ते येथें आले; १५०८ सालीं याच बंदरासमोरच्या लढाईंत त्यांच्या व्हाइसरॉयाचा मुलगा पडला; पुढें त्यांनीं किल्ला बांधला; १५९४ सालीं समोरची कोर्लईची टेकडी घेतली; आणि तटाच्या आंत डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, ऑगस्टिनियन व जेझुइट अशा पंथोपंथांचे मठ आणि चर्चें उभीं राहिलीं. वसई गेल्यावर या ठाण्याला अर्थ उरला नाहीं. १७४० च्या सप्टेंबरांतील तहानें चौल व कोर्लई मराठ्यांकडे आलीं. गोरे शिपाई गेले, पाद्री गेले, व्यापार तर आधींच गेला होता. मग त्या चर्चांच्या अंगणांचें काय झालें? तें कोणींच ठरविलें नाहीं. ठरविणारें कोणी नसलें म्हणजे कोंकणांत जें व्हावयाचें तेंच झालें. नारळ लागले, पोफळी लागल्या, रहाट आले, पाट वाहूं लागले. आज रेवदंड्याच्या तटाच्या आंत वाड्यांतून हिंडतांना माडांच्या मध्येंच एखादी कमान उभी दिसते, आणि लोक ज्याला सातखणी म्हणतात तो फ्रान्सिस्कन मनोरा झावळ्यांच्या वर डोकें काढून असतो. जेथें मंत्र म्हटले जात तेथें शिंपणें चालतें. पाहणाऱ्याला हें दृश्य रम्य वाटतें यांत शंका नाहीं. पण काळानें केलेल्या अशा रूपांतरांत एक उणीव असते. त्यांत कोणीं अन्याय केला असें म्हणतां येत नाहीं, आणि कोणीं न्याय केला असेंही म्हणतां येत नाहीं.

आणि एक फरक येथें ध्यानांत घेतला पाहिजे. खाडीपलीकडे कोर्लईस गोष्ट निराळी आहे. किल्ल्याखालच्या त्या गांवांत ख्रिस्ती वस्ती टिकली, तिचें चर्च टिकलें, आणि तिच्या तोंडीं पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणानें झालेली एक स्वतंत्र बोली आजतागायत आहे. म्हणजे खाडीच्या या तीरावर ज्यांचीं माणसें निघून गेलीं तीं अंगणें, आणि त्या तीरावर ज्याचीं माणसें अजून राहत आहेत तें अंगण. दोघांनाही एकच न्याय लावतां येणार नाहीं. माणसें गेलेल्या अंगणाविषयीं इतिहासाशीं बोलावें लागतें. माणसें असलेल्या अंगणाविषयीं त्या माणसांशीं बोलावें लागतें. आजच्या पुष्कळशा वादांत हा साधा भेद कोणी करीत नाहीं, आणि म्हणून वाद वाढतात.

येथवर आम्ही ‘परका देव’ हा शब्द वापरीत आलों. आतां तो शब्दच तपासून पाहूं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें गोमंतकांत राहून ओवीबद्ध मराठींत ‘क्रिस्तपुराण’ रचलें, आणि तें १६१६ सालीं छापलें गेलें. ज्ञानेश्वरांच्या छंदांत ज्या देवाची कथा चारशें वर्षांपूर्वीं सांगितली गेली, तो देव मराठी भाषेला परका कसा म्हणावा? वसईच्या परिसरांतील ख्रिस्ती कुटुंबें आजही मराठीच्या बोली बोलतात, मराठींत लिहितात, मराठींत प्रार्थना करतात. परका होता तो राज्यकर्ता. त्याचें राज्य गेलें हें इष्टच झालें; पण त्याच्याबरोबर त्या गांवकऱ्यांचें अंगणही परकें ठरत नाहीं. राज्य आणि देव यांचा हिशेब एकाच वहींत मांडल्यामुळें आपल्या हातून कित्येक चुका घडतात.

आतां मुंबईकडे वळूं. कारण आवाराचें उद्यान करण्याचा विचार योजनापूर्वक झाला तो तेथें. ख्रिस्ती चालीप्रमाणें मृतांना चर्चच्या सावलींत ठेवावें अशी भावना असते. शहर लहान असतें तोंपर्यंत ती चालते. इंग्रजांचें मुंबईंतील पहिलें दफनस्थान मेंढम्स पॉइंट या नांवाचें, कुलाब्याकडे जाणाऱ्या वाटेवर होतें. किल्ल्याची तटबंदी वाढवावयाची निकड १७६० च्या सुमारास निघाली आणि तेथील थडग्यांना जागा सोडावी लागली. येथें मेलेल्यांना हलविलें तें लष्करानें, बागेसाठीं नव्हे. पुढचें दफनस्थान बॅक बेच्या कांठीं सोनापुरास झालें. सोनापूर हें नांव मोठें बोलकें आहे. मरणाला मरण न म्हणतां त्या माणसाचें सोनें झालें असें म्हणण्याची आपली चाल. म्हणून जेथें सोनें व्हावयाचें तें सोनापूर. त्या एकाच किनाऱ्याला हिंदूंचें स्मशान, मुसलमानांचें कबरस्तान आणि युरोपीयांची दफनभूमि अशीं तिन्हीं जवळजवळ आलीं. जिवंतपणीं जीं माणसें एका पंक्तीस बसलीं नसतीं तीं मेल्यावर शेजारीं झालीं.

या सोनापुरांत १८३२ सालीं व्हिक्तोर जाकमाँ नांवाचा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ पुरला गेला. पंजाब, काश्मीर पाहून, रणजितसिंगाच्या दरबारीं जाऊन आलेला हा तरुण मुंबईंत वयाच्या ३१ व्या वर्षीं वारला. जवळजवळ अर्ध्या शतकानें, १८८१ सालीं, त्याच्या देशानें त्याच्या अस्थि समुद्रमार्गें पॅरिसला नेल्या. ज्याची आठवण ठेवणारें राष्ट्र होतें त्याची सोय झाली. पण त्याच्या शेजारीं निजलेल्या साध्या कारकुनांचें, शिपायांच्या बायकांचें, दोन पावसाळेही न काढलेल्या लेंकरांचें काय? त्यांना न्यावयास कोणतें जहाज येणार? शहर वाढलें, बाजूनें आगगाडी आली, समुद्र मागें हटविला गेला, आणि पुढें त्या जुन्या युरोपीय दफनभूमीच्या जागेवर बाग झाली. चर्नी रोड स्टेशनाजवळचें स. का. पाटील उद्यान तें हेंच. गिरगांवच्या चाळींतून दोन खोल्यांत संसार करणाऱ्या माणसाला हिरवळीवर घटकाभर बसावयास मिळणें याचें मोल काय आहे, हें चाळींत राहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. तें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं.

मजा अशी कीं, मुंबईनें याच्या नेमकें उलटही करून दाखविलें आहे. सोनापूर भरून गेल्यावर नव्या दफनभूमीचा शोध चालला, आणि म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनीं १८६५ सालीं त्यासाठीं जागा घेतली ती शिवडीस. आणि ती जागा म्हणजे कृषि व उद्यान मंडळीची बाग होती. झाडें भायखळ्याच्या राणीच्या बागेकडे गेलीं आणि वाफ्यांत थडगीं आलीं. एके ठिकाणीं थडग्यांची बाग झाली, दुसऱ्या ठिकाणीं बागेचीं थडगीं झालीं. शहराच्या पोटांत जागा ही अशी फिरती वस्तु आहे. तेव्हां आवाराचें रूप कधींही पालटूं नये असा हट्ट इतिहासाच्या नांवानें कोणीं धरूं नये. इतिहास तसें सांगत नाहीं. रूप पालटतांना काय जपलें आणि काय टाकलें, एवढेंच तो विचारतो.

मुंबईचें आणखी एक उदाहरण पैशाच्या बाजूनें उद्बोधक आहे. कोटांतील सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळांत उघडलें. चर्चगेट हें नांव त्याच्यामुळेंच पडलें. त्याच्यासमोरचें मोकळें मैदान म्हणजे ‘बॉम्बे ग्रीन’. पुढें त्याची रया जाऊन तें धुळीचें आगर झालें होतें. पोलीस कमिशनर चार्ल्स फॉर्जेट यांनीं कल्पना काढली कीं, मध्यें वर्तुळाकार बाग ठेवावी आणि सभोंवार सारख्या घाटाच्या इमारती उठवाव्यात. जागा नगरपालिकेनें घेतली, कडेचे तुकडे इमारतींसाठीं विकले, त्यांत तिला फायदा झाला, आणि १८७२ च्या सुमारास एल्फिन्स्टन सर्कल पुरें झालें. स्वातंत्र्यानंतर त्याला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचें नांव मिळालें. १९१९ सालीं ज्यांना सरकारनें हद्दपार केलें, त्या इंग्रजाचें नांव इंग्रजांच्या चर्चसमोरच्या बागेस देऊन मुंबईनें आपली रसिकता दाखविली. येथें योजना उत्तम साधली, कारण मध्यभाग विकला गेला नाहीं. पण त्याच योजनेंत एक धोकाही आहे. कडेचे तुकडे विकून मधली बाग राखण्याची युक्ति मैदानाला शोभते. जेथें कडेच्या तुकड्याखालीं कोणाची तरी आई निजली आहे, तेथें ती शोभत नाहीं.

हा धोका ओळखून कायदा केला तो लंडननें. त्यापूर्वीं पॅरिसनें एक वाट दाखविली होती. तेथील ‘निरपराध बालकां’च्या नांवाचें जुनें दफनस्थान शतकानुशतकें प्रेतांनीं इतकें भरलें कीं, शेजारच्या घरांत राहणें अशक्य झालें, १७८० सालीं तें बंद झालें, कांहीं वर्षांनीं तेथील हाडें गाडे भरभरून शहराखालच्या दगडी खाणींत नेलीं, आणि त्या जागीं बाजार भरूं लागला. लंडनांत १८५२ च्या कायद्यानें शहराच्या आंतील दफनभूमि बंद करण्यास आरंभ झाला. बंद पडलेलीं आवारें मग उकिरडे झालीं, आणि बिल्डरांची व आगगाडीवाल्यांची त्यांवर दृष्टि गेली. सेंट पँक्रस येथें रुळांसाठीं थडगीं उकरलीं गेलीं, त्या कामावर देखरेख करण्यास जो तरुण वास्तुशास्त्रज्ञ नेमला होता तो पुढें कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झालेला थॉमस हार्डी. ऑक्टेव्हिया हिल या बाईंनीं गरिबांच्या वस्तींतील अशीं आवारें उघडीं करून तेथें लोकांना बसावयास बाकें व झाडें द्यावींत यासाठीं कंबर कसली. १८८२ सालीं लंडनच्या सार्वजनिक बागांसाठीं मंडळ निघालें. आणि १८८४ च्या कायद्यानें ठरलें कीं, वापरांत नसलेल्या दफनभूमीवर, चर्च वाढविण्याखेरीज, इमारत बांधतां येणार नाहीं.

या कायद्याचें मर्म आमच्या वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें. बागेला त्यानें मनाई केली नाहीं, इमारतीला केली. मेलेल्यांच्या जागेवर जिवंतांनीं बसावें, श्वास घ्यावा, मुलांनीं पळावें, यांत अपमान नाहीं. ती जागा विकून पैसा करावा यांत आहे. १८८० सालीं उघडलेल्या ‘पोस्टमन्स पार्क’ या लहानशा बागेचेंच पाहा. ती जुन्या चर्चच्या आवारांची बनलेली आहे. १९०० सालीं चित्रकार वॉट्स यांच्या कल्पनेनें तेथें एक भिंत उभी राहिली, आणि दुसऱ्याचा जीव वांचवितांना स्वतः मेलेल्या सामान्य स्त्रीपुरुषांचीं नांवें तिच्यावर लिहिलीं गेलीं. टपालकचेरींतील नोकर तेथें दुपारची भाकरी खात बसत, आणि समोर तीं नांवें असत. जागा लोकांची झाली आणि मृतांचीही राहिली.

यावर आपल्यांतील कोणी म्हणेल कीं, आम्ही हिंदु लोक देह जाळतों, अस्थि नदींत सोडतों. थडग्याचें एवढें कौतुक आम्हांस कळत नाहीं. हें प्रामाणिक बोलणें आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर दिलें पाहिजे. आपणांस थडगें कळत नसेल, पण समाधि कळते. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीची अवस्था एकोणिसाव्या शतकांत काय झाली होती? झाडाझुडपांनीं ती वेढली होती. जेम्स डग्लस या इंग्रज लेखकानें १८८३ सालच्या आपल्या मुंबईवरील ग्रंथांत त्या दुर्दशेबद्दल खेद केला, तेव्हां मराठी वाचकांच्या जिव्हारीं तें लागलें. आणि १८९५ सालीं लोकमान्य टिळकांनीं समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ हातीं घेतली. त्या वेळीं कोणीं असें म्हटलें असतें कीं, देह तर जळून गेला, आतां दगडांचें काय, येथें सहलीस येणाऱ्यांसाठीं सोयीस्कर ओटा करूं, तर आपण तें ऐकून घेतलें असतें काय? जी वेदना आपणांस एका समाधीविषयीं झाली, ती दुसऱ्याला आपल्या आजीच्या थडग्याविषयीं होते. माणूस थोर असो वा लहान, आठवण ही ज्याची त्याला थोरच असते. आणि आपल्या समाधीचें स्मरण आपणांस परक्या माणसानें करून दिलें, हेंही विसरूं नये. तेंच ऋण आपण दुसऱ्याच्या आवाराविषयीं फेडूं शकतों.

दुसरा आक्षेप उलट दिशेनें येतो. कांहीं श्रद्धाळू माणसें म्हणतात कीं, पवित्र जागेला हात लावूंच नये. गवत वाढो, भिंत पडो, पण मुलांचा दंगा तेथें नको. या भावनेचा आम्हांस आदर आहे, पण तिचा परिणाम काय होतो तेंही पाहिलें पाहिजे. ज्या जागेंत कोणी जात नाहीं तिचें रक्षण कोणी करीत नाहीं. शिलालेख पुसले जातात ते मुलांच्या खेळानें नव्हे, वडपिंपळाच्या मुळांनीं. दगड नाहींसे होतात ते सभेला आलेल्या माणसांबरोबर नव्हे, रात्रीच्या अंधारांत. आपल्या देवळांचीं पटांगणें टिकलीं त्याचें रहस्यच हें कीं, तेथें कीर्तन झालें, पंचायत बसली, जत्रा भरली, पोरें विटीदांडू खेळलीं. राबता असला म्हणजे पावित्र्य कमी होत नाहीं. राबता संपला म्हणजे पावित्र्याला कोणी साक्षी उरत नाहीं. म्हणून ओसाडीपेक्षां उद्यान बरें, हें आमचें स्पष्ट मत आहे.

मात्र तें उद्यान कसें करावें याला कांहीं मर्यादा आहेत, आणि वर सांगितलेल्या इतिहासांतून त्या आपोआप निघतात. जागेचीं माणसें हयात असतील, मग तीं चार घरें कां असेनात, तर पहिला शब्द त्यांचा असावा. मंडपेश्वरीं दोन्ही वेळां जें झालें नाहीं तें आतां तरी व्हावें. एकही दगड हलविण्यापूर्वीं त्यावरील प्रत्येक अक्षर उतरून घ्यावें व त्याची प्रत गांवच्या वाचनालयांत ठेवावी, म्हणजे जाकमाँसारखें ज्यांना जहाज मिळालें नाहीं त्यांना निदान कागद तरी मिळेल. जमीन विकूं नये; तिची कडही विकूं नये. एक कोपरा तसाच शांत ठेवावा, आणि २ नोव्हेंबरच्या मृतस्मरणदिनीं मेणबत्ती लावावयास येणाऱ्यांना त्या दिवशीं कोणाची परवानगी मागावी लागूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे जुनें नांव राहूं द्यावें. नवें नांव द्यावयाचेंच असेल तर तें जुन्याच्या खालीं लिहावें. हाच न्याय आपल्या घंटांनाही लागू आहे. पालीस असो, मेणवलीस असो कीं नाशकास असो, जेथें अशी घंटा टांगलेली आहे तेथें ती मुळांत कोणत्या कामासाठीं घडविली गेली आणि कोणत्या लढाईनंतर येथें आली, एवढें दोन ओळींत लिहिलेलें असावें. त्यानें चिमाजीअप्पांचा पराक्रम कमी होत नाहीं, आणि गणपतीला तर त्यांत कांहींच कमीपणा नाहीं. मुलांना मात्र आपल्या इतिहासाचीं दोन्ही पानें वाचावयास मिळतील.

जागा सार्वजनिक करणें याचा अर्थ आपण पुष्कळदां असा करतों कीं, तिच्यावरचे पूर्वीचे सर्व हक्क पुसून ती कोरी करावयाची. वस्तुतः कोरी जागा कोठेंच नसते. सोनापुराच्या हिरवळीखालीं, रेवदंड्याच्या माडांखालीं, आपल्या स्वतःच्या घराच्या जोत्याखालींही कोणी तरी आहे. सार्वजनिक या शब्दांत जे ‘सर्व जन’ आहेत, त्यांत आज मत देणारे येतात, उद्या जन्मणारे येतात, आणि ज्यांना आतां बोलतां येत नाहीं तेही येतात. या तिसऱ्या पंक्तीचें पान मांडून मग इतरांनीं जेवावयास बसावें, ही आपल्या श्राद्धाची शिकवण आहे. आणि ती दुसऱ्याच्या अंगणांतही तितकीच लागू पडते.